चौकटीचा वाडगा

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहिणार.

परिस्थिती: बायको बहिणीकडे गेली आहे. गुरुवारी गेली. विश्रांतीसाठी. जाताना दारात म्हणाली, २९ तारखेला, रविवारी, अकरा वाजता येऊन बघेन. घर शांत असलं तर राहीन. नसलं तर उरलेले कपडे उचलीन आणि मग माझी वाट बघू नका. एकवीस वर्षांच्या संसारात इतकं सलग कधी बोलली नव्हती. म्हणजे कोणीतरी शिकवलंय. मेहुणीच, दुसरं कोण!

कारण अगदी क्षुल्लक. काचेचा वाडगा. हिच्या आईचा. पडला. वस्तू पडतात. त्यासाठी कोणी घर सोडून जातं का?

संकल्प: हिला स्वतःच्या हाताने लाकडी वाडगा करून द्यायचा. लाकूड पडलं तरी फुटत नाही, म्हणजे प्रश्न मुळातूनच मिटला. लाकूड घरचंच आहे. बेडरूमच्या दाराची चौकट मध्यंतरी निखळली, तिचे दोन उभे तुकडे बाल्कनीत पडलेत. दार अडकलं होतं, मी जरा खांदा लावला होता. जुनं, घट्ट लाकूड. टाकून देणं पाप.

दुसरा संकल्प: आवाज चढवायचा नाही. तसा तो चढत नाहीच. मुळात भरदार आहे.

महिन्याची रजा टाकली. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचायच्या आत सही केली. गोदामात माझ्यावर केवढा विश्वास आहे हे अशा वेळी कळतं.

३ मार्च, मंगळवार. दुपारी

मार्केटच्या मागच्या गल्लीत लाकूड कातणारा एक म्हातारा आहे. त्याला सगळे कातारीच म्हणतात. पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे, खेळण्यांची चाकं. मशीनवर लाकूड गरगर फिरतं आणि हा नुसती पटाशी टेकवून उभा. अंगभर भुसा, बोलणं मोजकं. मला वाटलं, हे तर मी झोपेतही करीन.

चौकटीचे तुकडे दाखवले. त्याने एक उजेडात धरला, कडीच्या जागी अंगठा फिरवला. म्हणाला, कडी आतून होती. मी म्हटलं, असेल. म्हणाला, स्क्रू आतल्या अंगाला उपटलेत, म्हणजे धक्का बाहेरून बसलाय. आत कोणीतरी होतं, कडी लावून. मी म्हटलं, चोर. तो म्हणाला, चोर आत, कडी लावून? मी म्हटलं, काका, मला मशीन पाहिजे, पंचनामा नको.

कोपऱ्यात एक जुनी छोटी मशीन पोत्याखाली पडली होती. महिन्यापुरती देतो म्हणाला. मग सूचना सुरू. तुकडे ग्लूने जोडून दिवसभर-रात्रभर आवळून ठेव. तुटक्या स्क्रूंची टोकं आत राहिलेली असतात, लोहचुंबक फिरवून शोध. स्पीड कमी. पटाशीची आधी पाठ टेकव, मग हळूच धार. एकदम घुसायचं नाही. पटाशीने दात मारला, म्हणजे लाकडात रुतून उसळली, तर मशीन बंद कर, बाहेर जा, चहा पी. राग आला असताना चालू करायची नाही.

मी म्हटलं, मला राग येत नाही. तो परत त्या कडीच्या जागेकडे बघत बसला. वयाचा परिणाम.

५ मार्च, गुरुवार

मशीन आली. चार हमाल लागले. मागच्या खोलीत बसवली. एका हमालाने येताना भिंतीचा पोपडा काढला, त्याला शांतपणे समजावलं. बाकीचे तिघे पाणीही न पिता गेले. माणसांना हल्ली समजावून घ्यायची सवय राहिलेली नाही.

वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले. रिटायर्ड, गणिताचे. प्रत्येक वाक्याआधी गैरसमज नसावा म्हणतात. म्हणाले, गैरसमज नसावा, पण परत काही सुरू झालं का? आवाज आला म्हणून उतरलो. मी म्हटलं, हमालांशी बोलत होतो. म्हणाले, अच्छा, हमाल. आणि चेहरा एकदम मोकळा झाला. विचित्र माणूस.

७ मार्च, शनिवार. सकाळी ९

तुकडे करवतीने कापले, ग्लू लावून जोडले. दहा इंच लांब, दहा रुंद, तीन जाड. फर्स्ट क्लास. कातारी म्हणाला होता दिवसभर-रात्रभर. पण डब्यावर ‘लवकर सुकतो’ लिहिलंय. डबेवाल्यांना जास्त कळतं की त्या म्हाताऱ्याला? दोन तास पुरे.

लोहचुंबक सापडला नाही. डोळ्यांनी बघितलं. काही नाही.

दुपारी १२.३०

स्पीड फुल ठेवला होता. अर्धं काम फुल स्पीडवरच होतं, हे गोदामातलं माझं मत इथेही लागू. मशीन सुरू केली. ठोकळा फिरला. सुंदर गरगरला. मग जोडावर दोन झाला.

एक अर्धा खिडकीतून गेला. खिडकी बंद होती. दुसरा अर्धा दारातून स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजला लागला. फ्रीजच्या दाराला आता परातीएवढा खड्डा आहे. दरम्यान माझ्या डोक्यावरून काय गेलं ते माहीत नाही, पण पंख्याचं एक पातं वाकलंय.

मी शांत राहिलो. मशीनला एक लाथ मारली, तेवढीच. मशीन ओतीव लोखंडाची आहे. अंगठा सुजलाय.

ग्लूच्या कंपनीला पत्र लिहिणार.

८ मार्च, रविवार

मेहुणीचा फोन. फ्रीजची बातमी तिथे पोचली. मास्तर! मी सांगितलं की मी वाडगा करतोय, त्या वाडग्याच्या बदल्यात. काचेचा पडला ना, म्हणून. मेहुणी म्हणाली, पडलेल्या वाडग्याचे तुकडे भिंतीत छातीएवढ्या उंचीवर कसे रुतले, भाऊजी?

हातातून निसटला होता. जोरात निसटला. दूध उतू गेलं होतं आणि माझा सगळा राग दुधावर होता. ही गॅसशी उभी होती, यात माझा काय दोष? दूध गॅसवरच असणार.

हे सगळं मेहुणीला सांगितलं नाही. समजणाऱ्यालाच सांगावं.

१० मार्च, मंगळवार

बाहेर गेलेला अर्धा तुकडा मिळाला. समोरच्या बिल्डिंगच्या सायकल स्टँडमध्ये होता. एका सायकलचं चाक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं झालंय. मालक कोण ते विचारत बसलो नाही. काम महत्त्वाचं.

ग्लू परत लावला. या वेळी पूर्ण दिवस-रात्र. कातारी सांगतो म्हणून नाही. माझाच निष्कर्ष.

१२ मार्च, गुरुवार. सकाळी ११

सुरुवात अप्रतिम. स्पीड कमी. भुसा उडतोय, वास छान येतोय. कोपरे गेले, ठोकळा गोल होत चालला. मनात आलं, हिने आत्ता बघायला हवं होतं.

११.२०

पटाशीने दात मारला.

कातारी म्हणाला होता पाठ आधी, धार मग. मी धार आधी लावली. वेळ वाचतो. धार लाकडात घुसली, पटाशीचा दांडा उसळून खालून माझ्या हनुवटीवर बसला. बॉक्सरने ठोसा द्यावा तसा. मी कपाटावर, कपाट माझ्यावर. वर ठेवलेला रंगाचा डबा सगळ्यात शेवटी, निवांत.

समोरचा एक दात गेला. अर्धा. उरलेला अर्धा हलतोय. कपाटाचं दार उपटून काढलं. आधीच सैल होतं.

बंद कर, बाहेर जा, चहा पी. चहा प्यायलो. दाताला लागला. कप भिंतीवर निसटला.

१४ मार्च, शनिवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दात, हनुवटी, कपाळ, सुजलेला अंगठा, सगळं बघितलं. विचारलं, कसं झालं? म्हटलं, कशाला मशीनची आणि भुशाची कहाणी सांगत बसायची! म्हणालो, दारावर आपटलो.

त्यांनी हातातलं अवजार ठेवलं. दार लावून घेतलं. आवाज हळू करून म्हणाल्या, घरी सगळं ठीक आहे ना? कोणी त्रास देतं का? म्हणालात तर मी कोणाशी तरी बोलू शकते.

मला! मला विचारलं, घरी मारहाण होते का! तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडात कापूस. मी म्हटलं, बाई, मशीन आहे ती. त्या मान हलवून म्हणाल्या, सगळे काहीतरी नाव सांगतात. दारावर आपटले, जिन्यावरून पडले, माझीच चूक होती. इथे रोज एखादी तरी असते. पुरुष पहिल्यांदाच बघितला.

निघताना एक कार्ड दिलं. त्यावर एक फोन नंबर आणि ‘तुम्ही एकटे नाही’ असं लिहिलंय. जिन्यात फाडणार होतो. हिच्या डॉक्टरीणबाईपण ह्याच. हिच्या ड्रॉवरमध्ये नेमकं तसंच एक कार्ड मागे दिसलं होतं. तेव्हा मला वाटलं, दातांची अपॉइंटमेंट.

पुढचं नंतर लिहीन. हनुवटी ठणकतेय.

१५ मार्च, रविवार

काल काय लिहीत होतो ते महत्त्वाचं नाही. मुद्दा वाडग्याचा आहे. चौदा दिवस उरले.

१७ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५

झालं! बाहेरची बाजू गोल! पाठ आधी, धार मग. लाकडाच्या लांबच लांब साली निघाल्या, रिबिनीसारख्या. हात फिरवला तर गार, गुळगुळीत. कसं कोण जाणे, डोळ्यात पाणी आलं. भुसा असणार.

दोन वाकडे खिळे, एक फुटलेली ट्यूबलाइट आणि मास्तरांच्या बाल्कनीतली एक कुंडी, एवढ्यावर निभावलं. कुंडी मी फोडली नाही. मास्तर वरून डोकावत होते, मी कामात असताना डोकावू नका म्हणून हातोडी दाखवली, ती हातातून सुटली.

मेहुणीला आपणहून फोन केला. ती म्हणाली, लाकडी वाडगा चांगला, आता फेकला तरी फुटायचा नाही. चला, टिकाऊपणा तरी मान्य केला! मग म्हणाली, ताईने विचारलंय, डोळ्यांना चष्मा लावता का काम करताना?

चष्मा! म्हणजे काळजी. म्हणजे येणार. लगेच जाऊन चष्मा आणला.

१९ मार्च, गुरुवार

कातारी स्वतः बघायला आला. मशीनवरचे हातोडीचे वळ बघितले, एकावर अंगठा फिरवला. वाडगा हातात घेतला, वजन तोललं, बोटाने तळ वाजवला. म्हणाला, पहिला म्हणून छान आहे. आता आतून कोर, पण तळ अंगठ्याएवढा जाड राहू दे. मी म्हटलं, बाजारात पातळ मिळतात. तो म्हणाला, बाजारातले करणाऱ्याने आधी पन्नास फोडलेत. फिरताना तळ किती राहिला ते दिसत नाही. अजून एकच हात मारू, असं वाटलं की समजायचं, झालं. थांबायचं.

मग खोलीभर नजर फिरवली. म्हणाला, घरात तू एकटाच राहतोस का? मी म्हटलं, बायको येणार आहे २९ला. तो म्हणाला, बाईमाणसाला कळवलंयस का, मशीन आहे म्हणून?

मी म्हटलं, सरप्राइज आहे.

२२ मार्च, रविवार. सकाळी १०.४५

आत कोरताना एकदम ठिणगी! लाकडातून ठिणगी! पटाशीची धार गेली आणि काहीतरी सुईसारखं येऊन चष्म्यावर आपटलं आणि तिथून उसळून कपाळात घुसलं. चिमट्याने काढलं. तुटक्या स्क्रूचं टोक. कडीचं.

चष्मा नसता तर डोळा गेला होता. हिने वाचवला. याला म्हणतात संसार.

रक्त पाहून डोकं जरा फिरलं. हातोडी घेतली आणि मशीनला चार ठेवून दिल्या. मग पाचवी खिडकीच्या नव्या काचेला, ती काही कारण नसताना चमकत होती. वाडग्याला हात लावला नाही! याची नोंद व्हावी. कितीही चिडलो तरी हिच्या वस्तूला मी हात लावत नाही. काचेचा तो अपवाद. आणि दार. आणि हिचा फोन, पण तो जुना झाला होता.

२४ मार्च, मंगळवार

काचपेपर मारत होतो. उकडत होतं, तरी हिची आठवण म्हणून हिने विणलेला स्वेटर घातला होता. कातारी म्हणाला असेल, ढिले कपडे नको. आठवत नाही, तो खूप बोलतो.

बाही लाकडात अडकली. मशीनने आधी मनगट ओढलं, मग कोपर, मग सगळा मी. गाल फिरत्या वाडग्यापासून वीतभर. गळ्याभोवती लोकर आवळत गेली. मी ओरडलो, पण गळ्यातून बेडकासारखा आवाज. मनात एकच विचार: ह्या बयेचं एकदा तरी थोबाड फोडणार. मशीनचं.

अचानक सगळं बंद. काळोख. मास्तर. वरून धावत खाली आले आणि बाहेरचा मेन स्विच पाडला. कात्रीने बाही कापली. मी मोकळा झाल्यावर पहिल्यांदा हे विचारलं की कोणाच्या परवानगीने मेनला हात लावला. जरा जोरात विचारलं असेल. मास्तर कात्री हातात धरूनच दाराकडे सरकले. म्हणाले, गैरसमज नसावा, पण तुमचा ओरडण्याचा आवाज एकदम थांबला म्हणून मी धावलो. ओरडत असता तेव्हा आम्ही धावत नाही.

वाक्य नीटसं कळलं नाही. गणितवाले.

स्वेटर गेला. वाडगा सुखरूप.

२६ मार्च, गुरुवार. दुपारी ४

हिचा फोन! स्वतःचा! मेहुणीकडून नाही!

मी हॅलो म्हटलं, ती म्हणाली, आवाज वेगळा येतोय. म्हटलं, समोरचा दात नाही. कसा गेला ते सांगितलं. कपाट, डबा, सगळं. आणि ती हसली. फोनवर स्पष्ट ऐकलं. शेवटची कधी हसली होती ते आठवून बघितलं. आठवलं नाही, पण त्याचं कारण माझी स्मरणशक्ती.

मग म्हणाली, खरंच तुम्ही करताय? मी म्हटलं, जवळजवळ झाला. म्हणाली, मग आता ठेवा. वाकडा असला तरी चालेल. जसा आहे तसा द्या. मला फक्त घर शांत पाहिजे.

रविवारी येते म्हणाली. बॅग घेऊनच येते. सगळी.

घरात तीन फेऱ्या मारल्या. नाचलो म्हणायला हरकत नाही.

२८ मार्च, शनिवार

घर तयार. भिंतीच्या खड्ड्यांवर कॅलेंडर लावली, एकूण पाच. एकाच महिन्याची पाच कॅलेंडर, पण बायका असलं बघत नाहीत. फ्रीजवर टेबलक्लॉथ टाकला. खिडकीला पुठ्ठा. बेडरूमला चौकट नाही म्हणून पडदा. मशीनवर चादर.

वाडग्याला तेल लावलं. काय सांगू! मध्ये जोडाची बारीक रेघ, दोन्हीकडे लाकडाच्या लाटा. कडीच्या स्क्रूंच्या दोन काळ्या टिकल्या राहिल्यात, नक्षी वाटते. टेबलावर ठेवला. चहा पिता पिता तासभर बघितला.

तळ जरा जाड आहे. उचलताना जाणवतं. कातारी म्हणतो अंगठ्याएवढा, पण त्याचा अंगठा की माझा?

नाही. थांबायचं म्हणजे थांबायचं. हिने सांगितलंय, जसा आहे तसा.

२९ मार्च, रविवार. सकाळी ९.४०

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. एक तास वीस मिनिटं आहेत.

वाडगा परत उचलून बघितला. जड आहे. माणसाने आयुष्यात एक वस्तू करावी आणि ती जड? हिच्या आईचा कसा हलका होता, फुलासारखा. शेजारी ठेवले असते तर ही बोलली नसती, पण मनात म्हणाली असती.

एकच हात. अगदी हलका. पाठ आधी, धार मग. दहा मिनिटांचं काम. मशीनवरची चादर काढतो.

दुपारी ३

सगळं क्रमाने लिहितो.

दहा वाजून पाच मिनिटांनी पटाशी तळातून आरपार गेली. तळ मशीनच्या प्लेटवरच राहिला आणि बाकीचा वाडगा कडं होऊन उडाला. भिंतीला लागला, परत आला, माझ्या डाव्या हाताला चाटून गेला आणि जोडावर दोन झाला. हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. लाकूडसुद्धा फुटतं.

पुढचं नीट आठवत नाही. हातोडी घेतली एवढं आठवतं. मशीनचा टेकू तुटलाय, मोटर खाली लोंबतेय, पट्टा माझ्या गळ्यात होता. कॅलेंडर सगळी फाटलीत. पडदा, टेबलक्लॉथ, तेलाची बाटली. फ्रीज आडवा आहे. तो कसा आडवा केला हे एकट्या माणसाला शक्य वाटत नाही. मी काय ओरडत होतो तेही आठवत नाही. मास्तरांना आठवतंय. त्यांनी नंतर सांगितलं. इथे लिहिण्यासारखं नाही. पण शब्द ओळखीचे होते.

मग दार वाजलं. दोन हवालदार.

मोठ्या हवालदाराने मला भिंतीशी उभं केलं. धाकटा आत धावला. बाथरूम बघितलं, पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं, आडव्या फ्रीजमागे वाकून बघितलं. मोठा विचारत होता, बाई कुठे आहे? मी म्हटलं, कोणती बाई? बायको बहिणीकडे आहे. म्हणाला, मग रक्त कोणाचं? म्हटलं, माझं. म्हणाला, मग मारत कोणाला होतास? म्हटलं, मशीनला. त्याने वहीत लिहिलं, परत वाचलं, आणि खोडलं.

मी चिडून विचारलं, कोणी बोलावलं तुम्हाला? मास्तर ना? तो म्हणाला, तुमच्या मिसेसनी. कोपऱ्यावर टॅक्सीत बसल्यात. लवकर आल्या होत्या. जिन्यापर्यंत येऊन परत फिरल्या. फोनवर म्हणत होत्या, लवकर या, आत कोणीतरी आहे, तो तिला जिवंत सोडायचा नाही.

मी दाराकडे निघालो. समजावून सांगायला. मोठ्याने माझ्या छातीवर हात ठेवला. जोर नव्हता लावला. मी थांबलो.

धाकटा खाली जाऊन आला. म्हणाला, बाईंना सांगितलं, आत दुसरं कोणी नाही, एकटेच आहेत, मशीनवर ओरडत होते. मी म्हटलं, बघा! मग काय म्हणाली? त्याने मोठ्याकडे बघितलं. मोठा म्हणाला, सांग.

धाकटा म्हणाला, बाई म्हणाल्या, एकवीस वर्षं हे मी आतून ऐकलं. बाहेरून कसं ऐकू येतं ते आज कळलं.

मग त्यानेच हिचे कपडे भरले. त्याला घडी घालता येत नव्हती. कोणते कुठल्या कप्प्यात ते मी सांगत होतो. हिवाळ्यातली शाल वर माळ्यावर होती, हात रक्ताचा म्हणून मला काढता आली नाही, मी त्याला स्टूल धरून दिलं. जाताना परत वर आला. म्हणाला, बाई विचारतायत, टाके पडतील का? म्हटलं, नाही म्हणून सांगा. खिडकीच्या पुठ्ठ्याच्या फटीतून टॅक्सी वळताना दिसली.

मास्तर मला दवाखान्यात घेऊन गेले. रस्ताभर एकदाही गैरसमज नसावा म्हणाले नाहीत. अकरा टाके.

संध्याकाळी ७

दुपारपासून माझा आवाज एकदाही चढला नाही. घरात कोणी नाही.